शून्य रुग्णांच्या वर्षाचा खर्च कोणाचा?

(कागल पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत राजर्षी शाहू महाराजांच्या स्मरणार्थ दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



हिवतापाविरुद्धची आंतरराष्ट्रीय भागीदारी, तिचे व्यवस्थापन आणि तिचा पैसा, हा आजचा विषय. कोल्हापूर जिल्ह्यात हिवतापाचे रुग्ण आता मोजके, मग हा विषय इथे कशाला, असे तुमच्यापैकी अनेकांच्या मनात आले असेल. शंका रास्त आहे. पण जिथे रुग्ण मोजके उरतात तिथेच या विषयातला सर्वांत अवघड प्रश्न सुरू होतो. ताप घरोघरी असतो तेव्हा पैसा मिळतो, मंत्री येतात, परदेशी पाहुणे येतात. ताप ओसरला की पैसा दुसरीकडे जातो आणि काही वर्षांनी ताप परत येतो. गेल्या सत्तर वर्षांत जगात हे इतक्या वेळा घडले आहे की त्याला अपघात म्हणता येणार नाही.

ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत ते शाहू महाराज कागलच्या घाटगे घराण्यातले. १८८४ साली ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले. राधानगरीच्या धरणाचे काम त्यांनी काढले, पण पैसा अपुरा पडला आणि काम अर्ध्यावर राहिले. १९२२ साली महाराज गेले. धरण पुरे झाले ते स्वातंत्र्यानंतर. ज्याचा पूर्ण लाभ आपल्या हयातीत दिसणार नाही अशा कामात पैसा घालायला राजाची हिंमत लागते, आणि राजा गेल्यावर ते काम चालू ठेवायला व्यवस्था लागते. हिवतापाच्या कामात आपण हिंमत पुष्कळ दाखवली. कमी पडली ती व्यवस्था.

सुरुवात जवळूनच करू. उत्तर कानडा आणि धारवाड हे जिल्हे तेव्हा मुंबई प्रांतात होते. १९४५-४६ च्या सुमारास डॉ. डी. के. विश्वनाथन यांच्या देखरेखीखाली तिथल्या घरांच्या भिंतींवर डीडीटी फवारायला सुरुवात झाली. चावून भिंतीवर विसावणारा डास त्या भिंतीवरच मरावा, अशी ही योजना. मुंबई प्रांताच्या या अनुभवाचा देशाला उपयोग झाला. १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला तेव्हा देशात दरवर्षी साडेसात कोटी रुग्ण आणि आठ लाख मृत्यू असा अंदाज होता. अमेरिकेच्या तांत्रिक सहकार्यातून डीडीटी, औषधे आणि वाहने आली. जागतिक आरोग्य संघटनेने तज्ज्ञ दिले. युनिसेफच्या यंत्रसामग्रीवर दिल्लीत सरकारी डीडीटी कारखाना उभा राहिला. त्यासाठी १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान इन्सेक्टिसाइड्सने पुढे आपल्या रायगड जिल्ह्यातल्या रसायनीतही डीडीटी तयार केले. १९५८ मध्ये कार्यक्रमाच्या नावातले 'नियंत्रण' जाऊन 'निर्मूलन' आले. त्याच वर्षी विश्वनाथन यांचे इंग्रजी पुस्तक निघाले, 'द कॉन्क्वेस्ट ऑफ मलेरिया इन इंडिया'. त्याच्या उपशीर्षकात ही मोहीम म्हणजे भारत-अमेरिका सहकार्याचा प्रयत्न असल्याचे अभिमानाने नोंदले होते.

अभिमानाला जागा होती. १९६५ साली देशात रुग्ण उरले सुमारे एक लाख आणि मृत्यूची नोंद जवळजवळ शून्यावर आली. जुन्या मंडळींना आठवत असेल, फवारणीवाले यायचे, भांडीकुंडी अंगणात निघायची आणि दारावर तारखेचा ठप्पा पडायचा. पण १९७६ साली देशात चौसष्ट लाख रुग्ण नोंदले गेले.

या अकरा वर्षांत काय झाले ते नीट पाहायला हवे, कारण आजच्या सगळ्या भागीदाऱ्यांची परीक्षा त्यातच आहे. मोहिमेचे तीन टप्पे आखले होते: हल्ला, दृढीकरण आणि देखभाल. हल्ल्याला स्वतंत्र फौज होती, स्वतंत्र वाहने होती आणि परदेशी मदत होती. देखभालीचा टप्पा आला की तो जिल्हा नेहमीच्या आरोग्यसेवेच्या हवाली करायचा होता. ती आरोग्यसेवा अनेक ठिकाणी कागदावरच होती. प्राथमिक आरोग्य केंद्र नाही, असले तर माणूस नाही, माणूस असला तर सूक्ष्मदर्शक नाही. तापाच्या रुग्णाच्या रक्ताची काचपट्टी वेळेत तपासली गेली नाही तर एका रुग्णाचे पन्नास होतात आणि आकडे मात्र स्वच्छ राहतात. त्यात डीडीटी कमी पडू लागले, आले तरी हंगाम उलटल्यावर येई. डास डीडीटीला सरावले. फवारलेली भिंत सणासुदीला शेणामातीने सारवली की औषध त्याखाली गाडले जाई. घरधनिणीला तिच्या भिंतीवर आपण काय लावले आहे आणि ते किती दिवस राहू द्यायचे, हे कोणी धड सांगितलेच नव्हते.

श्रीलंकेत हाच प्रकार आणखी ठळकपणे घडला. १९६३ साली त्या देशात अवघे १७ रुग्ण नोंदले गेले. फवारणी थांबली. दशक संपायच्या आत पाच लाखांहून अधिक रुग्णांची साथ आली. त्यातून सावरायला त्या देशाला किती काळ लागला? जागतिक आरोग्य संघटनेने त्याला हिवतापमुक्त जाहीर केले ते २०१६ साली.

२०१२ मध्ये संशोधकांच्या एका गटाने अशा सगळ्या पुनरागमनांचा पट मांडला. ६१ देशांतल्या ७५ घटना त्यांनी तपासल्या. त्यांपैकी ६८ घटनांमागे, निदान अंशतः, कार्यक्रम ढिला पडणे हे कारण निघाले, आणि ढिला पडण्याचे सर्वांत नेहमीचे कारण होते पैशाची तंगी. डासांचे औषधाला सरावणे, पाऊसपाणी, स्थलांतर ही कारणे होतीच, पण बहुतेक वेळा दार आधी आपणच उघडले होते.

तुमच्या कारखान्यात ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको. मशीन सहा महिने बंद पडले नाही म्हणून मेंटेनन्स खाते गुंडाळा, असे कोणी व्यवस्थापक म्हणाला तर तुम्ही त्याला घरी बसवाल. सार्वजनिक आरोग्यात मात्र असा निर्णय घेणाऱ्याचे काटकसरी म्हणून कौतुक होते.

आता जगाकडे वळू. १९९८ साली जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ, संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम आणि जागतिक बँक यांनी 'रोल बॅक मलेरिया' ही भागीदारी उभी केली. २०१० पर्यंत हिवतापाचे मृत्यू निम्मे करायचे, असा संकल्प होता. टेबलाभोवती खुर्च्या पुष्कळ होत्या, पण तिजोरी नव्हती आणि कोणाला काय जमले नाही याचा जाब विचारण्याची सोयही नव्हती. पहिल्या काही वर्षांतच वैद्यकीय नियतकालिकांतून तिच्यावर अपयशाचा शिक्का बसू लागला. पुढे २०१५-१६ मध्ये तिचे सचिवालय मोडून नव्याने बांधावे लागले.

२००२ साली जिनिव्हात क्षयरोग, हिवतापासारख्या आजारांसाठी 'ग्लोबल फंड' सुरू झाला. त्याची रचना उलट आहे. तिजोरी आहे, पण देशोदेशी स्वतःची कार्यालये नाहीत. देशात सरकार, स्वयंसेवी संस्था आणि आजाराची झळ सोसलेले लोक यांची एक समन्वय समिती बनते आणि मागणी ती करते. स्वतंत्र तज्ज्ञ मागणी तपासतात. पैसा एका ठरलेल्या मुख्य संस्थेकडे जातो, तीच जबाबदार. तिचे हिशेब पाहायला स्थानिक पातळीवर तिसराच कोणी असतो. शिवाय एक महानिरीक्षक असतो आणि त्याचे अहवाल सर्वांसाठी खुले असतात. मागणारा, वाटणारा, खर्चणारा आणि तपासणारा हे चौघे वेगळे असावेत, हे तत्त्व आपल्या सहकारी संस्थांच्या कायद्यातही आहे. तिथे ते किती पाळले जाते, हे मी कोल्हापूर जिल्ह्यात सांगायला नको.

या खुलेपणाची किंमतही फंडाने मोजली. महानिरीक्षकांना मालीत क्षयरोग आणि हिवताप अनुदानांतल्या प्रशिक्षणांच्या नावावर खोट्या सह्यांची भत्तापत्रके सापडली. २०११ साली ते वर्तमानपत्रांत गाजले, जर्मनीसारख्या देणगीदारांनी हप्ते रोखले आणि वर्ष संपण्याआधी फंडाला अनुदानाची एक अख्खी फेरी रद्द करावी लागली. चोरी उघड करणाऱ्या संस्थेचा पैसा थांबला. जिथे तपासच होत नव्हता, तिथला चालू राहिला. भागीदारी चालवणाऱ्यांनी देणगीदारांना एक गोष्ट आधीच समजावून ठेवली पाहिजे: तपासात काहीच सापडले नाही, तर तपासच नीट झालेला नसण्याची शक्यता जास्त.

आपल्या घरातलेच उदाहरण पाहू. १९९७ साली जागतिक बँकेच्या कर्जावर भारतात हिवताप नियंत्रणाचा मोठा प्रकल्प सुरू झाला. त्यातल्या आठ राज्यांत महाराष्ट्र होता आणि भर आदिवासी जिल्ह्यांवर होता. २००६ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातल्या एका लेखाने बँकेच्या हिवताप कामातले हिशेब आणि औषधांची निवड यांवर कडक टीका केली. बँकेने ती मान्य केली नाही. पण २००८ च्या आरंभी बँकेच्याच दक्षता विभागाने भारतातल्या पाच आरोग्य प्रकल्पांच्या खरेदीचा आढावा प्रसिद्ध केला. हिवताप प्रकल्प त्यांत होता आणि त्यात गैरव्यवहाराची गंभीर लक्षणे नोंदली गेली. रोगाच्या कामात खरेदी खाते हा कंटाळवाणा भाग समजला जातो. पण मच्छरदाणीत औषध कमी भरले तर त्याचा हिशेब पाड्यावरच्या मुलाला द्यावा लागतो.

पैशाचे अलीकडचे गणित असे आहे. २०२३ साली जगात हिवतापाचे सुमारे २६ कोटी ३० लाख रुग्ण झाले आणि सुमारे ५ लाख ९७ हजार मृत्यू झाले. मेलेल्यांत बहुसंख्य आफ्रिकेतली पाच वर्षांखालची मुले. त्या वर्षी लढ्यासाठी जमा झाले सुमारे ४ अब्ज डॉलर. गरज होती ८.३ अब्जांची, म्हणजे गरजेच्या निम्म्याहूनही कमी जमले. आंतरराष्ट्रीय पैशाचा मोठा भाग ग्लोबल फंडातून जातो आणि त्या फंडाचा सर्वांत मोठा दाता अमेरिका. २०२५ साली अमेरिकेने आपली परदेशी मदत गोठवली, आणि ती मदत पोचवणारी यूएसएड ही संस्था त्याच वर्षी १ जुलैला बंद झाली. त्याआधी जूनमध्ये ब्रुसेल्सला लसींसाठीच्या 'गावी' या संस्थेची परिषद भरली. तिला ११.९ अब्ज डॉलर हवे होते. आश्वासने मिळाली ती नऊ अब्जांच्या वर, पण उद्दिष्टाच्या बरीच खाली. एका मोठ्या दात्यावर उभा असलेला कार्यक्रम त्या दात्याच्या देशातल्या निवडणुकीवरही उभा असतो.

यात महाराष्ट्र नुसता प्रेक्षक नाही. ऑक्सफर्ड विद्यापीठाने शोधलेली आर-२१ ही हिवतापाची लस पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट बनवते. २ ऑक्टोबर २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने तिची शिफारस केली आणि जुलै २०२४ मध्ये आयव्हरी कोस्टमध्ये ती नियमित लसीकरणात आली. एका मात्रेची किंमत दोन ते चार डॉलरांच्या घरात आहे आणि वर्षाला दहा कोटी मात्रा बनवण्याची क्षमता सीरमने जाहीर केली होती. त्याआधी, २०१० च्या सुमारास, ग्लोबल फंडाने औषधांसाठी एक वेगळा प्रयोग केला. हिवतापावरच्या चांगल्या औषधाच्या कारखाना किमतीचा मोठा भाग फंड परस्पर भरी, म्हणजे खेड्यातल्या दुकानात ते जुन्या, निरुपयोगी गोळीच्या भावात मिळावे. त्यात सामील झालेल्या पहिल्या सहा उत्पादकांत अजंता, सिप्ला आणि इप्का या तीन मुंबईच्या कंपन्या होत्या. अजंताचा एक कारखाना पैठणला आहे. प्रयोग झाला त्यातल्या बहुतेक देशांत औषध सहज आणि स्वस्त मिळू लागले, तरी दोनेक वर्षांत त्याचे स्वतंत्र अस्तित्व संपवण्याचे ठरले.

इथे बसलेल्या उद्योजकांना त्याचा अर्थ कळेल. एखादा ग्राहक दोन वर्षे मोठी ऑर्डर देतो, तुम्ही लाइन वाढवता, माणसे घेता, आणि तिसऱ्या वर्षी तो म्हणतो, आमचे धोरण बदलले. कारखान्याला आणि रुग्णाला अशा वेळी एकच गोष्ट हवी असते, आधी सांगितलेला आणि नंतर पाळलेला शब्द. म्हणून आंतरराष्ट्रीय निधीचे मोल ठरवताना तो किती मोठा आहे याबरोबर तो किती वर्षांचा आहे, हेही विचारायला हवे.

या सगळ्यातून मला दोन अंतरे दिसतात. एक जागेचे: पैसा जिनिव्हात, वॉशिंग्टनमध्ये, ताप मालीत आणि मोझांबिकमध्ये. दुसरे काळाचे: पैसा तापाच्या वर्षी, गरज ताप उतरल्यानंतरच्या वर्षांचीही. ही दोन अंतरे भरून काढणे हेच भागीदारीचे काम आहे. बाकी परिषदा आणि घोषणा.

ही दोन्ही अंतरे आपल्या राज्यातही आहेत. महाराष्ट्रातल्या हिवतापाचा मोठा भार गडचिरोलीवर आहे. भामरागड, एटापल्ली, धानोरा या जंगलातल्या तालुक्यांत, छत्तीसगडच्या सीमेला लागून. कारखाने मात्र पुणे, ठाणे, नाशिक, कोल्हापुरात. २०१३ चा कंपनी कायदा आठवा. ५०० कोटींची निव्वळ मालमत्ता, किंवा १००० कोटींची उलाढाल, किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा असलेल्या कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्चायचे. संसदेने मंजूर केलेल्या कायद्याच्या सातव्या परिशिष्टात हिवतापाचे नाव लिहिलेले होते. २०१४ मध्ये तरतूद अमलात येण्याआधी यादी बदलली आणि हिवताप 'प्रतिबंधात्मक आरोग्यसेवे'च्या मोठ्या पोटात गेला. कायदा असेही सांगतो की कंपनीने आपल्या परिसराला प्राधान्य द्यावे. तसे झाले तर कागलचे दोन टक्के कागलला आणि एटापल्लीला काहीच नाही, कारण एटापल्लीत अशी वसाहतच नाही. पण प्राधान्य म्हणजे बाकीच्यांना बंदी नव्हे.

यावर उत्तर शोधणारे प्रयोग झाले आहेत. गोंदियापासून फार दूर नसलेल्या मध्य प्रदेशातल्या मंडला जिल्ह्यात २०१७ पासून राज्य सरकार, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि सन फार्माने स्थापन केलेली संस्था यांनी मिळून १,२३३ गावांत काम केले. कार्यकर्ते घरोघर जात, ताप असेल त्याचे रक्त तिथेच तपासत, औषध देत आणि पुन्हा जाऊन पाहत. कोणत्या गावात किट संपले, कोणत्या कार्यकर्त्याची फेरी चुकली, हे रोज वरिष्ठांना दिसे. स्थानिक रुग्ण नव्वद टक्क्यांहून अधिक घटल्याचे प्रकल्पाने नोंदले. औषध नवे नव्हते, डासही तोच होता. फरक पडला तो देखरेखीचा. गडचिरोलीतही आता डॉ. अभय बंग यांच्या पुढाकाराने शासन, त्यांची 'सर्च' ही संस्था आणि उद्योगांच्या संस्था हिवतापासाठी एकत्र आल्या आहेत. अशा प्रत्येक प्रकल्पाला पहिल्याच बैठकीत एक प्रश्न विचारला पाहिजे: तुम्ही गेल्यावर ही फेरी कोण करणार आणि त्याचा पगार कोणत्या लेखाशीर्षातून निघणार?

मग या वसाहतीने काय करावे? तीन गोष्टी सुचवतो.

पहिली, आपले अंगण. शहरी हिवतापाचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. १९११ साली डॉ. चार्ल्स बेंटली यांनी मुंबईच्या हिवतापाचा अहवाल दिला तेव्हा बोट विहिरींकडे दाखवले होते. विहिरी बुजवायला लोकांचा धार्मिक विरोध झाला, आणि पालिकेला त्यांच्याशी बोलूनच मार्ग काढावा लागला. आज विहिरींच्या जागी शेडवरच्या टाक्या आहेत, कूलिंग टॉवरच्या कुंड्या आहेत, बांधकामावरचे पाण्याचे हौद आहेत. नवीन शेड उभी राहते तेव्हा ओडिशा, झारखंड, छत्तीसगडचे मजूर येतात. त्यांना संशयाने पाहू नका. कामावर घेताना ज्याला ताप आहे त्याचे रक्त तपासा, औषधाचा पूर्ण डोस होईपर्यंत मजुरी कापू नका. मजुरी कापली की ताप लपवला जातो आणि लपलेला ताप कोणाच्याच आकड्यात येत नाही. जिल्हा हिवताप अधिकाऱ्यांचा कर्मचारी गेटवर आला तर त्याला वॉचमनने परत पाठवू नये, एवढा आदेशही पुरेल.

दुसरी, दोन टक्के एकत्र आणा. एकेका कंपनीने शंभर मच्छरदाण्या वाटून फोटो काढण्याऐवजी वसाहतीने एकत्रित निधी करावा आणि त्यातला ठरावीक हिस्सा गडचिरोलीच्या कामाला द्यावा. खर्च करणारी संस्था वेगळी, तपासणारी वेगळी. अहवाल कंपन्यांच्या नोटीस बोर्डावर लागावा, चुकांसह. आणि चूक दिसल्या दिवशी पैसा थांबवायचा नाही, दुरुस्तीला मुदत द्यायची.

तिसरी गोष्ट मुदतीची. २०२१ च्या नियमांनुसार 'चालू प्रकल्प' सुरू झाल्याचे वर्ष सोडून आणखी तीन वर्षे चालवता येतो. म्हणजे दरवर्षी मार्चअखेरीस पैसे संपवायची घाई कायद्याने तुमच्यावर लादलेली नाही. एखाद्या देशाला हिवतापमुक्त म्हणायला सलग तीन वर्षे स्थानिक संसर्गाचा एकही रुग्ण नसावा लागतो. पण श्रीलंकेचा आणि १९७६ च्या भारताचा धडा असा की खरी परीक्षा त्यानंतर असते. तेव्हा कंपन्यांचा हिस्सा दरवर्षी थोडा कमी व्हावा आणि जिल्हा परिषदेचा तेवढाच वाढावा, असे वेळापत्रक आधीच लिहून घ्या. देश सधन होत जाईल तसा त्याचा वाटा वाढवण्याची पद्धत 'गावी'नेही ठेवली आहे. दात्याने एका दिवसात निघून जाण्यापेक्षा पायरी-पायरीने निघणे केव्हाही बरे.

भारताने हे मोठ्या प्रमाणावर करून दाखवायला सुरुवात केली आहे. २०१८ साली जगातल्या सर्वाधिक भाराच्या अकरा देशांच्या यादीत आपण होतो, २०२४ मध्ये त्यातून बाहेर पडलो. २०२३ साली देशात नोंदलेले रुग्ण सव्वादोन लाखांच्या आसपास होते. २०३० हे निर्मूलनाचे उद्दिष्ट आहे. म्हणजे आपण पुन्हा १९६५ च्या जवळ येत आहोत. तेव्हा परदेशी मदतीवर मोहीम उभी होती. आज औषध आपले आहे, लस पुण्यात बनते आणि बहुतांश पैसाही आपलाच आहे. त्यामुळे यावेळी ताप परतला तर दोष द्यायला दुसरा कोणी सापडणार नाही.

उद्या तुमच्यापैकी कोणी अशा भागीदारीच्या करारावर सही करायला बसेल. उद्दिष्टे, बोधचिन्हे, उद्घाटनाची तारीख हे सगळे मसुद्यात असेलच. तुम्ही एक कलम वाढवून मागा: ज्या वर्षी जिल्ह्यात एकही रुग्ण सापडणार नाही, त्या वर्षी रक्त तपासणाऱ्या कर्मचाऱ्याचा पगार कोण आणि किती देणार. ते कलम भरल्याशिवाय सही करू नका.